थांबणे म्हणजे नेमके काय? होटगी जंक्शनचा सिग्नल आणि संगणकाची ‘शटडाऊन’ आज्ञा

१/ सोलापूरच्या आग्नेयेस सुमारे १५ किलोमीटरवर होटगी हे जंक्शन आहे. मुंबईहून चेन्नईकडे जाणारा मुख्य लोहमार्ग येथून पुढे रायचूरकडे जातो, आणि येथूनच विजयपूर, बागलकोट, बदामीमार्गे गदगला जाणारा फाटा दक्षिणेकडे वळतो. अशा जंक्शनावरील सिग्नलला कोणी काहीच सांगितले नाही, तर तो काय करतो? शंभर वर्षांहून अधिक काळ उत्तर एकच आहे: तो गाडी थांबवतो. संगणकाला मात्र ‘शटडाऊन’ एवढाच शब्द सांगितला तर तो काय करील, याचे एक उत्तर आजही देता येत नाही. या दोन उत्तरांमधील अंतराचा हा इतिहास. (थ्रेड)

२/ आधी स्थळाविषयी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० मध्ये सोलापुरास पोहोचली. पुढे १८७१ मध्ये रायचूर येथे तिची मद्रास रेल्वेशी गाठ पडली आणि मुंबई-मद्रास हा सलग मार्ग तयार झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. सोलापूर, कलादगी या जिल्ह्यांना त्याची मोठी झळ बसली. धान्य एका प्रांतात होते आणि उपाशी माणसे दुसऱ्या. दुष्काळात धान्य पोहोचवता यावे या विचाराने जे लोहमार्ग आखले गेले, त्यांत सदर्न मराठा रेल्वेचे मार्ग महत्त्वाचे होते.

३/ त्यांपैकी होटगी-गदग हा मीटरगेज मार्ग १८८४ मध्ये सुरू झाला. मुख्य मार्ग ब्रॉडगेज आणि फाटा मीटरगेज. एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर चालणार नाही. त्यामुळे माल उतरवून पुन्हा भरावा लागे. १९०८ मध्ये सदर्न मराठा रेल्वे मद्रास रेल्वेच्या बहुतांश मार्गांबरोबर एकत्र येऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या फाट्याचेही ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. रूळ बदलले, कंपन्या गेल्या, विभाग बदलले. पण सिग्नलविषयीचा एक नियम टिकून राहिला. तो नियम मात्र माणसांच्या जिवाची किंमत मोजून आला होता.

४/ रेल्वेच्या पहिल्या दशकांत इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी उलटी पद्धत होती. सिग्नलचा हात एरवी ‘मार्ग मोकळा’ असाच दाखवत असे. पुढे अडथळा असेल तेव्हाच सिग्नलमन तरफ ओढून तो ‘धोका’ या स्थितीत आणी. त्यामागचा तर्क वरवर पाहता बिनतोड होता. मार्ग बहुतेक वेळ मोकळाच असतो. मग जी स्थिती अधिक वेळ असते तीच गृहीत का धरू नये? काम कमी, गाड्यांचा खोळंबा कमी.

५/ २१ जानेवारी १८७६ रोजी ॲबट्स रिप्टन येथे हा तर्क कोसळला. हिमवादळ चालू होते. एक कोळशाची मालगाडी बाजूच्या रुळावर घेतली जात होती आणि मागून स्कॉटलंडहून लंडनकडे जाणारी एक्सप्रेस येत होती. सिग्नलमनने तरफ ओढली. आपण ‘धोका’ दाखवला, असे त्याला वाटले. पण त्या काळचा सिग्नलचा हात खांबाच्या खाचेत पडत असे आणि त्या खाचेत बर्फ गोठला होता. हात ‘मोकळा’ याच स्थितीत अडकून राहिला. एक्सप्रेस मालगाडीवर आदळली. थोड्या वेळाने उलट दिशेने आलेली दुसरी एक्सप्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. दहाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले.

६/ या अपघातात कोणी चुकीची आज्ञा दिली नव्हती. आज्ञा बरोबर होती, ती पोहोचली नाही. आणि आज्ञा न पोहोचल्यास काय घडावे, याचा निर्णय फार पूर्वी, वेगळ्याच हेतूने घेतला गेला होता. त्यानंतर नियम उलटला. सिग्नलची सामान्य स्थिती ‘धोका’ ही ठरली. गाडी पुढे न्यायची असेल तर कोणीतरी जाणीवपूर्वक तशी आज्ञा दिली पाहिजे. आज्ञा नसेल, तार तुटली असेल, सिग्नलमनला भोवळ आली असेल, तर गाडी थांबेल.

७/ भारतातील खालच्या बाजूस झुकणाऱ्या सिग्नलमध्ये हा नियम लोखंडातच ओतलेला होता. केबिनमधून तार ओढली की वजन उचलले जाई आणि हात खाली झुके. तार सोडली किंवा मध्येच तुटली, तर वजन खाली येऊन हात पुन्हा आडवा होई. आडवा म्हणजे ‘थांबा’. म्हणूनच मराठीत ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडीला वाट मिळाली, ती आता येणार. फलाटावरची गर्दी याच शब्दांवर गाठोडी उचलत असे. सिग्नल पडणे ही शुभवार्ता का, हा प्रश्न नवख्याला पडावा. यंत्र माहीत असणाऱ्याला त्यात काहीच विचित्र वाटत नसे.

८/ शब्दांचा गोंधळ येथे आणखी एका ठिकाणी दिसतो. रेल्वेच्या नियमपुस्तकात सिग्नल ‘ऑन’ आहे म्हणजे तो ‘थांबा’ म्हणतो, आणि ‘ऑफ’ आहे म्हणजे गाडी पुढे जाऊ शकते. दिव्याच्या बटणाची सवय असलेल्या माणसाला हे नेमके उलटे वाटते. पण रेल्वेच्या दृष्टीने सिग्नल हा प्रथम बंधन आहे: बंधन लागू आहे की उठवले आहे, एवढाच प्रश्न. शब्द कोणत्या बाजूने पाहून ठेवला गेला, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. संगणकाच्या ‘शटडाऊन’बाबत पुढे हेच घडले.

९/ सिग्नलइतकाच ब्रेकचाही इतिहास बोलका आहे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीला निघालेल्या मुलामाणसांची गाडी चढावर अडली. इंजिनाला ओझे झेपेना, म्हणून गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी नेण्याचे ठरले. गाडीला निर्वात ब्रेक होते. पण ते इंजिन जोडलेले असेल तोवरच लागत. जोडणी सुटताच मागच्या डब्यांचे ब्रेकही सुटले. केवळ एका हातब्रेकवर उभे असलेले डबे उताराने मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मरण पावले, त्यांत बरीच मुले होती.

१०/ त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. ‘स्वयंचलित’ या शब्दाचा अर्थ येथे नेमका आहे: नळी तुटली, डबे वेगळे झाले, तर ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्येच हवेच्या दाबावर असा ब्रेक तयार केला होता. भारतात दीर्घकाळ वापरलेल्या निर्वात ब्रेकमध्येही हेच तत्त्व होते. प्रवासी साखळी ओढतो तेव्हा तो ब्रेक लावत नसतो. तो ब्रेक रोखून धरणारी शक्ती काढून घेत असतो.

११/ याच विचाराची एक सौम्य आवृत्ती सोलापूरकरांच्या रोजच्या कामात होती. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की एक लहानसा काटा ते ओळखतो आणि माग थांबवतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मागांत ही सोय आली. तिच्यामुळे एक विणकर एकाहून अधिक माग सांभाळू शकला, कारण प्रत्येक मागाकडे सतत पाहत राहण्याची गरज उरली नाही. काही बिघडले तर थांबायचे, हे यंत्राला आधीच सांगून ठेवलेले असल्यामुळे माणसाचे लक्ष दुसरीकडे जाऊ शकले.

१२/ आता संगणक. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा आरंभ केला. सुरुवातीच्या युनिक्समध्ये यंत्र बंद करण्याची वेगळी आज्ञाच नव्हती. चकतीवर लिहायचा मजकूर आधी स्मृतीत साठत असे आणि मग सवडीने चकतीवर उतरे. वीज अकस्मात गेली तर तो अर्धवट राही आणि फायलींची रचना बिघडे. म्हणून चालक ‘सिंक’ ही आज्ञा देई, खात्रीसाठी पुन्हा देई, कित्येक जण तिसऱ्यांदाही देत. आणि मग यंत्र हाताने थांबवले जाई.

१३/ बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये, १९८० च्या ‘४.० बीएसडी’ या आवृत्तीत, ‘शटडाऊन’ ही आज्ञा आली. येथे काळाचे भान ठेवणे आवश्यक आहे. तेव्हाचा संगणक एकाच्या टेबलावर नव्हता. एका यंत्रावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून काम करीत. ‘शटडाऊन’चा पहिला हेतू होता तो या मंडळींना वेळेवर सूचना देण्याचा. ठरलेली वेळ जवळ येई तशा सूचना वारंवार येऊ लागत आणि शेवटच्या काही मिनिटांत नव्याने आत येण्यास मज्जाव होई.

१४/ आणि मग यंत्र बंद होई का? नाही. केवळ ‘शटडाऊन’ म्हटल्यास यंत्र ‘एकल-वापरकर्ता’ स्थितीत येई. म्हणजे सर्व पाहुणे बाहेर, दरवाजा लावलेला, आत एकटा चालक, दिवे चालूच. त्याने आता फायली तपासाव्यात, प्रती काढाव्यात, दुरुस्ती करावी. पुन्हा सुरू करायचे असेल तर ‘आर’ हे अक्षर जोडावे, पूर्ण थांबवायचे असेल तर ‘एच’. ‘के’ जोडले तर यंत्र थांबतच नसे. सूचना मात्र सर्वांना जात आणि नव्याने आत येणे बंद होई.

१५/ त्या काळच्या संगणककक्षात हे गृहीत अगदी योग्य होते. शटडाऊन बहुधा देखभालीसाठीच होई. वीज तोडणे हे आज्ञेचे कामच नव्हते, कारण आज्ञेला ते शक्य नव्हते. त्यासाठी भिंतीवरचा किंवा यंत्रावरचा खटका होता. ‘सगळ्यांना बाहेर काढा आणि मला आत राहू द्या’ हीच सर्वांत कमी हानीची, सर्वांत सहज परतवता येणारी स्थिती होती. होटगीच्या आडव्या हाताइतकाच तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

१६/ अडचण अशी झाली की युनिक्सचे घराणे फुटले आणि प्रत्येक घराने आपला नियम केला. एटी अँड टीच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ शाखेत, आणि तिच्या वारशाने आलेल्या सोलारिसमध्ये, शटडाऊनला सवलतीचा कालावधी ‘जी’ या अक्षराने आणि अंतिम स्थिती ‘आय’ या अक्षराने सांगावी लागे. काहीच न सांगितल्यास ६० सेकंद थांबून यंत्र एकल-वापरकर्ता स्थितीत जाई. बर्कलेच्या शाखेत कालावधी मिनिटांत, येथे सेकंदांत. आकडा तोच, अर्थ साठपट वेगळा.

१७/ याहून घातक एक उदाहरण ‘किलऑल’ या आज्ञेचे आहे. लिनक्सवर तिला नाव द्यायचे आणि त्या नावाचा कार्यक्रम थांबवायचा. निरुपद्रवी, रोजची गोष्ट. सिस्टिम फाइव्ह घराण्यात मात्र तिचा अर्थ शब्दशः होता: सर्वच थांबवा. ती शटडाऊनच्या उपयोगासाठी लिहिलेली होती. लिनक्सची सवय असलेला प्रशासक सोलारिसवर बसला आणि हाताच्या सवयीने ती आज्ञा दिली, तर एक कार्यक्रम थांबण्याऐवजी यंत्रावरील सारे काम बसे. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजवर निदान चढत तरी नाही. आज्ञांना अशी रुंदी नसते. चुकीच्या यंत्रावरही त्या निमूट चालतात.

१८/ ‘हॉल्ट’ आणि ‘पॉवरऑफ’ यांतला भेद आणखी सूक्ष्म. ‘हॉल्ट’ म्हणजे प्रोसेसरने पुढील सूचना घेणे थांबवणे, वीज चालूच. हा भेद इतिहासातून आला. १९९५ पर्यंतच्या वैयक्तिक संगणकांत खटका थेट वीजपुरवठा तोडत असे, त्यामुळे कार्यप्रणाली फार तर ‘आता वीज बंद केल्यास धोका नाही’ असे पडद्यावर सांगू शके. विंडोज ९५ चा तो काळ्या पडद्यावरील नारिंगी अक्षरांचा निरोप अनेकांच्या स्मरणात असेल. पुढे एटीएक्स रचनेचा वीजपुरवठा आणि १९९६ चे एसीपीआय हे मानक यांमुळे कार्यप्रणालीच वीज तोडू लागली.

१९/ मराठीला हे भेद परके नाहीत. दिवा मालवतात, दुकान वाढवतात, गिरणी सुटते, पंगत उठते, गाडी थांबते. यांतल्या प्रत्येक शब्दात ‘नंतर काय’ हे दडलेले आहे: वाढवलेले दुकान उद्या उघडणार, सुटलेली गिरणी उद्या भोंगा देणार. संगणकाबरोबर मात्र एकच ‘बंद करा’ आले. कामकाज आवरणे, लोकांना बाहेर काढणे, प्रोसेसर थांबवणे आणि वीज तोडणे ही चार निरनिराळी कामे त्या एका शब्दाखाली लोटली गेली.

२०/ थांबवलेले यंत्र निश्चल असतेच असे नाही, याचे उदाहरण होटगीच्या परिसरातच आहे. फताटेवाडी येथे एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र आहे. ६६० मेगावॉटचे दोन संच, एकूण १३२० मेगावॉट. अशा संचाच्या टर्बाइनला वाफ देणाऱ्या झडपा तेलाच्या दाबाने उघड्या धरलेल्या असतात. दाब गेला की स्प्रिंग त्या मिटवते. सिग्नलच्या वजनाचेच हे मोठे भावंड. पण वाफ तोडल्यावर तापलेला रोटर तसाच उभा ठेवला तर तो वाकू शकतो. म्हणून तो थंड होईपर्यंत कित्येक तास संथपणे फिरवत ठेवावा लागतो. तेथे ‘बंद’ ही एक घटना नसून एक क्रम आहे.

२१/ लिनक्सच्या जगात बदल झाला तो २०१० नंतर. तोवर बहुतेक वितरणांत जुनी ‘सिसव्हीइनिट’ व्यवस्था होती आणि ‘शटडाऊन नाऊ’ म्हणजे एकल-वापरकर्ता स्थिती, असे पुस्तके शिकवीत. मग ‘सिस्टिमडी’ आली. २०११ मध्ये फेडोराने, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझने आणि २०१५ मध्ये डेबियनने तिचा अंगीकार केला. तिच्यात ‘शटडाऊन’ म्हणजे वीज बंद. वेळ सांगितली नाही तर एक मिनिटाची सवलत. ‘एच’ या अक्षराचा अर्थही मूळ ‘हॉल्ट’ न राहता सामान्यतः वीज बंद असाच झाला. खरोखर केवळ हॉल्ट हवे असेल तर ते वेगळे सांगावे लागते.

२२/ हा बदल नव्या काळास धरून होता. लॅपटॉपवर बसलेल्या माणसाला ‘शटडाऊन’ म्हणजे वीज बंद हेच अपेक्षित असते. पण जुन्या सवयीचा प्रशासक शेकडो मैलांवरच्या सर्व्हरला दुरुस्तीसाठी ‘शटडाऊन नाऊ’ म्हणाला, तर यंत्र अंधारात जाई आणि कोणीतरी तेथे जाऊन बटण दाबेपर्यंत परत येत नसे. उलट, लिनक्सवर घडलेला माणूस फ्रीबीएसडीवर तेच म्हणाला, तर यंत्र चालू राहून केवळ एकल-वापरकर्ता स्थितीत जाते, दूरचा संपर्क तुटतो, आणि पंखे फिरत असलेले यंत्र बंद झाले असेच त्याला वाटत राहते.

२३/ विंडोजने तिसराच मार्ग घेतला. तेथे नुसते ‘शटडाऊन’ म्हटले तर काहीच होत नाही; केवळ मदतीचा मजकूर दिसतो. काय हवे ते सांगा, मगच हालचाल होईल. होटगीच्या सिग्नलशी सर्वांत जवळचे गृहीत हेच. पण पुढे खाच आहे. ‘एस’ हे अक्षर देऊन बंद करायला सांगितले आणि वेळ शून्याहून अधिक असली, तर उघडे कार्यक्रम सक्तीने मिटवण्याची परवानगीही त्यातच गृहीत धरली जाते. न जतन केलेला मजकूर त्यात जाऊ शकतो. येथील वेळ सेकंदांत, लिनक्सची मिनिटांत. रद्द करण्यासाठी येथे ‘ए’, तेथे ‘सी’.

२४/ २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आले आणि घरोघरीचे गृहीत गुपचूप बदलले. मेनूतील ‘शट डाउन’ निवडले की वापरकर्त्याचे सत्र मिटते, परंतु कार्यप्रणालीचा गाभा चकतीवर जसाच्या तसा जतन होतो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. यंत्र लवकर सुरू होते खरे. पण खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होते ते ‘रीस्टार्ट’ने. बिघाड झाला म्हणून दहा वेळा बंद-चालू करणाऱ्याचा बिघाड तसाच राहतो आणि एकदा रीस्टार्ट करणाऱ्याचा सुटतो, याचे कारण हे. शिवाय आज्ञेने केलेले शटडाऊन मात्र पूर्णच असते. एकाच यंत्रावर, एकाच शब्दाची, दोन गृहीते.

२५/ महाराष्ट्रात एका पिढीने संगणक शिकला तो एमएस-सीआयटीसारख्या वर्गांत आणि भारनियमनाच्या छायेत. शट डाउन नीट करा, थेट खटका बंद करू नका, हा पहिल्या धड्यांतला धडा होता. आणि वीज तो धडा पाळत नसे. त्यामुळे ‘नीट बंद करणे’ ही एक शिस्त, जवळपास संस्कार म्हणून रुजली. त्या शिस्तीमागचे कारण, चकतीवर न उतरलेला मजकूर, फार थोड्यांना सांगितले गेले. कारण माहीत नसलेला नियम यंत्र बदलले की निरुपयोगी होतो. नेमके तेच फास्ट स्टार्टअपने दाखवले.

२६/ मग सुरक्षित गृहीत म्हणजे थांबणे, असा सरळ निष्कर्ष काढता येईल का? रेल्वेचे नियमपुस्तकही तसे म्हणत नाही. स्थिर सिग्नलची सामान्य स्थिती सर्वाधिक बंधनाची असावी, हा नियम. पण स्वयंचलित सिग्नल त्याला अपवाद आहेत. उपनगरी मार्गांवरील असे सिग्नल पुढचा टप्पा रिकामा असेल तोवर हिरवेच राहतात. कारण तेथे रुळावर गाडी आहे की नाही, हे विद्युत्‌मंडल स्वतः सतत तपासत असते आणि ते मंडल तुटले तर सिग्नल लाल होतो. हिरवे गृहीत परवडते ते त्यामागे लाल गृहीत उभे आहे म्हणून.

२७/ आणि योग्य गृहीतही सर्व काही वाचवत नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, पण सांधे बाजूच्या मार्गाला लागलेले होते. २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या विद्युत्‌मंडलातील फेरबदलांमधील त्रुटी समोर आल्या. बिघाडात लाल व्हायचे, हे त्या यंत्रणेला शिकवलेले होते. पण चुकीच्या जोडणीने तिला बिघाड दिसलाच नाही. गृहीत तेव्हाच रक्षण करते, जेव्हा त्याला मिळणारी माहिती खरी असते.

२८/ संगणकाच्या जगाने यावर शोधलेला एक साधा उपाय उल्लेखनीय आहे. डेबियनमध्ये ‘मॉली-गार्ड’ नावाचा लहान कार्यक्रम मिळतो. दूरच्या यंत्रावरून कोणी शटडाऊनची आज्ञा दिली, की तो आधी त्या यंत्राचे नाव टंकायला लावतो. आपण नेमके कोणत्या यंत्रावर आहोत, हे माणसाला सांगावे लागते. एकेरी मार्गांवर चालकाला पुढच्या टप्प्यासाठी धातूचा गोळा हाती घ्यावा लागे आणि तो मिळाल्याखेरीज गाडी हलवता येत नसे. तीच ही पद्धत. परवानगी स्मरणात किंवा सवयीत नव्हे, तर हाताला लागेल अशा वस्तूत ठेवायची.

२९/ या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट ठळक होते. आज्ञेत जे सांगितलेले नसते, तेही कोणीतरी, कधीतरी ठरवलेले असते. १९८० च्या संगणककक्षातील चालकासाठी ठरवलेले गृहीत २०१० च्या सर्व्हरवर अपघात ठरू शकते. लॅपटॉपच्या सोयीसाठी ठरवलेले गृहीत दूरस्थ यंत्राला अंधारात लोटू शकते. रेल्वेने आपली गृहीते अपघातानंतर, चौकशी करून, कायद्याने एकसारखी केली. संगणकाच्या आज्ञांसाठी अशी चौकशी बसली नाही, कारण त्यांच्या चुकीने बहुधा माणसे नव्हे, तर कामाचे तास आणि न जतन केलेला मजकूर गेला.

३०/ ती स्थिती आता उरलेली नाही. रुग्णालये, बँका, वीज केंद्रे आणि सिग्नलच्या केबिनीही संगणकांवर चालतात. तोवर व्यवहारातला नियम एवढाच राहतो: शब्दावर विसंबू नये. पुन्हा सुरू करायचे की वीज तोडायची, आत्ता की दहा मिनिटांनी, मिनिटे की सेकंद, आणि कोणत्या यंत्रावर, हे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहावे. होटगीत स्टेशनमास्तर पुढच्या स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ मागतो, तेव्हा तो गाडीचे वर्णन सांगतो, उत्तर ऐकतो आणि नोंद करतो. रोज, प्रत्येक गाडीसाठी. ती मिळेपर्यंत मार्ग बंद समजायचा असतो. (समाप्त)